बंदुकीचे लाकूड



इतिहासाच्या पुस्तकांत बंदूक आली की तिची नळी येते, गोळी येते, ती चालवण्याचा हुकूम देणारा सेनापती येतो. लाकूड मात्र येत नाही. वास्तविक शिपायाच्या खांद्याला टेकते ते लाकूड, हाताच्या मुठीत येते ते लाकूड, आणि बार उडाल्यावर धक्का सोसते तेही लाकूडच. त्या लाकडाला आपण दस्ता म्हणतो. जुने लोक कुंदा म्हणत. लोखंडाला तेलपाणी मिळाले तर ते शंभर वर्षे सहज निघते. लाकूड त्याआधी फुटते. म्हणून जुनी लष्करी रायफल हाती आली की पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की मोडका दस्ता दुरुस्त करावा की नवा बसवावा? प्रश्न दिसावयास सुताराचा आहे. परंतु त्याच्या मागे जंगल, कायदा, कारखाना आणि कामगार उभे आहेत; म्हणून तो इतिहासाचाही आहे.

करंज्याच्या माणसाला लाकडाची पारख शिकवावी लागत नाही. होडीला सागवान का लागते, हे इथले पोरही सांगेल. 1817 साली मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. पण बंदुकीचे मागणे निराळे. तिला लाकूड हवे ते फार जड नको, धक्क्याने चिरणारे नको, आणि एकदा सुकले की उन्हापावसात हलणारे नको. हे सारे गुण अक्रोडात आहेत. म्हणून जगातील बहुतेक सैन्यांनी अक्रोड पसंत केला, आणि हिंदुस्थानात तो काश्मीर व हिमालयाच्या रांगांतून येत असे. युद्धकाळात अक्रोड पुरेना, तेव्हा इंग्लंडने बीच आणि बर्च वापरला. ऑस्ट्रेलियाने आपल्या रानातली झाडे वापरली. लढाई कोणाचीही असो, तोटा झाडांनाच!

1857 साली ज्या एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांवरून वणवा पेटला, तिचा दस्ता एकाच लांब लाकडाचा होता. अशा दस्त्याची मान, म्हणजे मूठ जिथे धरतात ती बारीक जागा, हा त्याचा दुबळा भाग. लाकडाचे रेषे मानेतून सरळ गेले असतील तर तो टिकतो. तिरपे गेले असतील तर एका आपटीत दोन तुकडे होतात. पुढे आलेल्या ली-एन्फील्ड रायफलीत दस्त्याचे मागचे आणि पुढचे असे दोन भाग केले. मागचा भाग एका लांब बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे तो मोडला तर तेवढाच बदलता येतो. शिपायाच्या हाताच्या मापाप्रमाणे तो आखूड, मध्यम आणि लांब असा मिळे. पण एक मेख आहे. 1907 साली मंजूर झालेल्या प्रकारात पुढचे लाकूड आधी उतरवले नाही आणि मागचा बोल्ट फिरवला, तर बोल्टाचे चौकोनी टोक पुढचे लाकूड फाडते. घाई करणाऱ्याला एकाऐवजी दोन दस्ते शोधावे लागतात.

नवे लाकूड आणले म्हणजे काम संपले, असे नाही. लोखंड लाकडात अंगासरशी बसले पाहिजे. त्यासाठी कारागीर लोखंडाला काजळ फासतो, ते लाकडावर दाबतो, आणि जिथे काळा ठसा उमटला तेवढेच लाकूड पटाशीने खरवडतो. पुन्हा काजळ, पुन्हा दाब, पुन्हा पटाशी. धक्का जिथे बसतो त्या दोन खांद्यांवर भार सारखा पडला नाही, तर नवे लाकूडही थोड्याच दिवसांत चिरते. शेवटी जवसाचे तेल, एकेक हात मुरू देत. यंत्र लाकडाला आकार देते. बसवणी हातानेच होते.

दुरुस्तीचीही विद्या आहे. पोचा पडला असेल तर ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवतात. वाफेने दबलेले रेषे वर येतात. फुटीत जुने तेल मुरलेले असते, ते काढल्याशिवाय सरस धरत नाही. कोपरा उडाला असेल तर त्याच जातीच्या, त्याच दिशेच्या रेषांच्या लाकडाचे ठिगळ बसवतात. मान फुटली तर आतून खुंटी घालतात. वायव्य सरहद्दीकडे ओले कच्चे चामडे आवळून बांधत. ते सुकले की लोखंडी कड्यासारखे घट्ट होते.

बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने तर एक साधाच उपाय केला. पुढचे लाकूड फाटू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू घातला. जगभरचे जाणकार आज त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. लाटसाहेबांचे पुतळे हलले, पण कारखान्याच्या गावाचे नाव त्या एका स्क्रूला चिकटून राहिले.

आता आपल्या दारातली गोष्ट. उरण महाल तेव्हा पनवेल तालुक्यात मोडत असे. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात आगरी, कोळी, कातकरी आणि इतर गावकरी जंगलचा कायदा मोडण्यासाठी कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. नाग्या महादू कातकरी आणि त्यांचे साथी असे आठ जण हुतात्मा झाले. त्या धुमश्चक्रीत मामलेदार जोशीही मारले गेले. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या हातांत लाकूडच होते. एकीकडे कुऱ्हाडीचा दांडा, दुसरीकडे बंदुकीचा दस्ता. दस्त्यासाठी झाड तोडणे हे सरकारी काम ठरत होते. चुलीसाठी फांदी तोडणे हा गुन्हा ठरत होता. जंगलच्या कायद्याचा सारा अर्थ मला या दोन लाकडांत दिसतो.

पुढे लाकडाचे दिवस सरले. आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीला प्लास्टिकचा दस्ता आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 रोजी ली-एन्फील्डला समारंभाने निरोप दिला. 1 ऑक्टोबर 2021 रोजी सरकारी शस्त्रनिर्मितीचे 41 कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. यंत्रांची मोजदाद झाली, जमिनीची झाली. हातातल्या कसबाची मोजदाद कोणत्या वहीत करतात?

घरात कोणाला आजोबांची बंदूक सापडली, तर आधी पोलीस ठाणे आणि मग कारागीर, हा क्रम चुकवू नये. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करण्याचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. दुरुस्त करूनही जी उडणार नाही, अशा जुन्यापुराण्या हत्यारालाच त्यात सूट आहे. आणि ते ठरवणे आपले काम नव्हे.

राहिला मूळ प्रश्न. माझे उत्तर असे की जोवर सांधता येते तोवर सांधावे, बदलू नये. जुन्या दस्त्यावर कारखान्याची मुद्रा असते, कधी पलटणीची खूण कोरलेली पितळी चकती असते, कोणा शिपायाच्या गालाने झिजलेली जागा असते. पॉलिशवाला ते सारे घासून गुळगुळीत करतो आणि वस्तू सुंदर झाली म्हणून पैसे घेतो. नवा दस्ता बसवावाच लागला, तर जुन्याचे तुकडे चिठ्ठी लावून शेजारी ठेवावेत. संग्रहालयांनीही बंदुकीखालच्या पाटीवर राजाच्या नावाबरोबर दोन ओळी लाकडासाठी राखाव्यात: झाड कुठले, ते घडवले कोणत्या कारखान्यात, आणि ती बंदूक कोणावर रोखली गेली. तिसरी ओळ लिहिण्याचे धैर्य झाले, तर चिरनेरच्या मुलांना त्या पाटीपुढे थांबावेसे वाटेल.