दोन रुपये किलो तांदूळ

निवडणुकीतली आश्वासनं परवडतात का? आपण लगेच खर्चाचा आकडा शोधतो. मला मात्र आधी १९९४ चा आंध्र प्रदेश आठवतो. (वाचून हं, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.)

एन. टी. रामाराव १९८३ मध्ये सत्तेवर आले, त्यात दोन रुपये किलो तांदळाच्या आश्वासनाचा वाटा मोठा होता. १९९४ मध्ये त्यांनी तेच पुन्हा दिलं, जोडीला संपूर्ण दारूबंदी. ही मागणी वरवरची नव्हती. नेल्लोर जिल्ह्यातल्या बायकांनी देशी दारूविरुद्ध लढा उभारला होता. पण हिशेब बघा. तांदळामुळे अनुदान वाढलं आणि जानेवारी १९९५ पासून दारूवरचं उत्पादन शुल्क बुडालं. राज्यांच्या तिजोरीत हे शुल्क भरवशाचं असतं. म्हणजे एकाच जाहीरनाम्यात तोटी मोठी केली आणि टाकीत येणारं पाणीही तोडलं!

नुसता तांदूळ असता तर कदाचित निभावलं असतं, असं मला वाटतं. झालं असं की १९९६ मध्ये चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने तांदूळ साडेतीन रुपयांवर नेला आणि १९९७ मध्ये दारूबंदी मागे घेतली. लढणाऱ्या त्या बायकांच्या वाट्याला महाग तांदूळ आला आणि दारूची दुकानंही परत उघडली.