तळोज्याच्या वर्गात काय काय आलं

केंद्राची खडू-फळा योजना १९८७ची. तिच्यातून गावोगावच्या प्राथमिक शाळांना नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानाच्या प्रयोगांचं साहित्य मिळालं. मी नोकरीला लागले तेव्हा हे सगळं कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप होतं. साहित्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला! एखादी परीक्षानळी फुटली तर तपासणीत उत्तर कोण देणार? त्यामुळे मुलांनी पृथ्वीगोल पाहिला तो बहुतेक काचेतूनच. खरं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन बालवाड्या चालवल्या होत्या. फुटायची भीती नाही, हरवलं तर दुसरं वेचायचं. सरकारी साहित्य आलं आणि हे शहाणपण आम्ही विसरलो.

मग टीव्ही. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली सुरू झाली. राज्याच्या अभ्यासक्रमाला धरून मराठीत कार्यक्रम करायचे आणि ते दूरदर्शनवरून दाखवायचे, हे तिचं काम. आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, ते नाव अजून चालीत म्हणून दाखवतील. घड्याळ सांभाळावं लागे, वीज गेली की पाठ गेला, हे खरं. पण आपल्या भाषेत, आपल्या पुस्तकावर कुणीतरी विचार करून केलेलं काम होतं ते. २०१७ साली ही संस्था बंद झाली. त्यातले पावसावरचे, शेतीवरचे भाग मी वर्गासाठी पुष्कळ शोधले, हाती काही लागलं नाही. नवं काढायचा उत्साह आपल्याकडे दांडगा, जुनं जपायचं म्हटलं की कंटाळा.

त्याच २०१७च्या शिक्षकदिनी केंद्राचं ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ आलं. पुस्तकात क्यूआर कोड छापायची वाट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी आधीच दाखवली होती. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. पुस्तकातला कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’वर धड्याचा व्हिडिओ उघडतो. माझ्या वर्गात मात्र एक अडचण आली. आमची निम्मी मुलं इथल्या गावांतली, आगरी बोलणारी. निम्मी एमआयडीसीत कामाला आलेल्या घरांतली, भोजपुरी नाहीतर हिंदी बोलणारी. व्हिडिओतल्या बाईंचं मराठी शुद्ध आणि भरधाव. दोन्ही निम्मे सारखेच गप्प. तेव्हापासून मी आवाज बंद करून चित्र दाखवते आणि बोलते मी.

२०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. बरीच कुटुंबं गावाला निघून गेली. जी राहिली त्यांच्या खोलीत फोन एकच, तोही बापाबरोबर कंपनीत. ऑनलाइन तासाला हजर कोण राहणार? टीव्ही मात्र बहुतेक खोल्यांत होता. जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं, तेही घरातल्याच वस्तू घेऊन करायच्या खेळांचं. मुलं रमली. पण बालचित्रवाणीला टाळं लावून जेमतेम तीन वर्षं झाली होती, हे मला राहून राहून आठवत होतं.

वर्गात सगळ्यात जास्त चाललं ते अरविंद गुप्तांचं. कचऱ्यातून खेळणी करणारा हा इंजिनिअर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होता. त्यांच्या संकेतस्थळावर खेळणी, व्हिडिओ, मराठीसकट कितीतरी भाषांतली पुस्तकं फुकट आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची स्ट्रॉची पिपाणी मी वर्गात घेतली: स्ट्रॉचं टोक दाबून चपटं करायचं, दोन्ही कडा तिरक्या कापायच्या, ओठांत धरून फुंकायचं. वाजत असतानाच दुसऱ्या टोकाकडून तुकडा तुकडा कापत गेलं की आवाज चढत जातो. प्लास्टिकबंदीत स्ट्रॉ मिळेना आणि कागदी स्ट्रॉ थुंकीनं लगेच मऊ पडतो. तेव्हा घोट गावाच्या बाजूचा एक पोरगा पपईच्या पानाचे देठ घेऊन आला. “बाई, आमची पिपाणी अशीच वाजते.” त्या दिवशी आखूड आणि लांब देठांचा आवाज निम्म्या वर्गानं निम्म्या वर्गाला समजावला, हिंदी, आगरी, भोजपुरी सगळं एकात एक.

जुनं जपण्याच्या बाबतीत एक अपवाद सांगायलाच हवा. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता ऑनलाइन वाचायला मिळतात. त्या काळची चित्रं, कोडी, छोट्या गोष्टी मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवते. पाऊस, माकड, बाजार, आगगाडी अशी विषयवार यादी एका वहीत केली आहे, कोणत्या अंकात कोणत्या पानावर ते लिहून. शेजारच्या शाळेतल्या बाई परवाच त्या वहीचे फोटो काढून घेऊन गेल्या. त्यांना आगगाडीवरचं आणखी काही हवं आहे.