दात काढला त्याच दिवशी स्क्रू: हाडाचं काय होतं?

गटाच्या बैठकीत आता शेळी, शिलाई मशीन यांच्याबरोबर दातासाठीही कर्ज मागितलं जातं. “आजच दात काढा, आजच स्क्रू बसवा, म्हणजे हाड झिजणार नाही,” असं कुणीतरी सांगितलेलं असतं. कर्ज हजारोंचं, म्हणून आम्ही या बोलण्यामागचा इतिहास धुंडाळला. त्याच दिवशी स्क्रू बसवता येतो, हे खरं. हाड झिजणार नाही, हे मात्र खरं नाही.

स्क्रूच्या दाताला इम्प्लांट म्हणतात. स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियम धातूचा तुकडा बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम संपल्यावर तो निघेना! हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्यांची पद्धत सबुरीची होती. दात काढला की जखम भरायला कित्येक महिने थांबायचं. मग स्क्रू बसवून खालच्या जबड्यात तीन, वरच्या जबड्यात सहा महिने त्याला हिरडीखाली झाकून ठेवायचं.

एवढं थांबायला कोण तयार? १९७० च्या दशकात जर्मनीतल्या ट्युबिंगेनचे विली शुल्टे यांनी दात काढलेल्या खड्ड्यातच लगेच इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. वेळ वाचला, एक शस्त्रक्रिया वाचली. त्यातूनच ‘खड्डा भरला की हाड वाचतं’ हा समज पसरला.

२००५ मध्ये ब्राझीलचे मॉरिसिओ अराउजो आणि स्वीडनचे यान लिंडे यांनी कुत्र्यांच्या जबड्यावर हे तपासलं. काही खड्ड्यांत लगेच इम्प्लांट बसवले, काही रिकामे ठेवले. तीन महिन्यांनी पाहिलं, तर गालाकडचं हाड दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलेलं!

असं का होतं? बांधावरचं लिंबाचं झाड उपटलं की मुळांनी धरलेली माती खचते. त्या खड्ड्यात सिमेंटचा खांब रोवला तरी खचायची थांबत नाही. दाताभोवतीचं आतलं हाड दाताच्याच जिवावर असतं. त्यात पुढच्या दातांसमोरचं हाड बहुतेक माणसांत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. ते उतरलं की हिरडी खाली सरकते आणि स्क्रूची कड दिसू लागते.

म्हणून लगेचचा इम्प्लांट वाईट, असं नाही. माणूस पारखून, स्क्रू थोडा आतल्या बाजूला बसवून, मधल्या फटीत हाडाची पूड भरली तर तो चांगला टिकतो. पूड भरल्यानं झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. पू झालेला असेल, हाड पातळ असेल, तर थांबणंच शहाणपणाचं. आणि आपल्याकडची मशेरी! तंबाखूनं जखम भरत नाही, स्क्रूभोवतीचं हाडही लवकर जातं. वाढलेली साखर तशीच. पण हे दोन प्रश्न बायकांना कुणी विचारत नाही, आणि आपणही लाजून सांगत नाही.

लातूर आणि नांदेड, दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. कर्जाचा अर्ज भरण्याआधी तिथं दुसरं मत घ्या. जाताना आधीचा एक्स-रे न्या आणि विचारा: माझं गालाकडचं हाड किती जाड आहे? तीन महिने थांबले तर काय बदलेल? पूड भरायचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरलाय का?