पाण्याने दाबलेली हवा

भट्टी पेटती ठेवायची तर भात्यामागे माणूस वा जनावर राबलेच पाहिजे, असे कित्येक मुलखांत गृहीत धरले जात असताना, पिरेनीज पर्वताच्या आश्रयाने वाढलेल्या कॅटलन लोहारखान्यांनी निराळीच तजवीज केली होती. उंचावरून पडणारे पाणी उभ्या लाकडी नळातून खाली सोडावे, नळाच्या गळ्याशी ठेवलेल्या छिद्रांतून त्याने हवा आत ओढावी, आणि तळाच्या बंद पेटीत पाणी आपटले की सुटी झालेली हवा भट्टीच्या तोंडाशी न्यावी, अशा या सरंजामास ‘ट्रॉम्प’ म्हणत.

या युक्तीचे मर्म दोन वेगांच्या अंतरात आहे. काही मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे 25 सेंटिमीटर वेगाने वर चढतो. उतरत्या पाण्याचा वेग याहून पुरेसा अधिक असेल तरच तो पाण्याबरोबर खाली जातो, आणि पेटीत प्रवाह मंदावला की जलापासून आपोआप विलग होतो. हवेला बंदिस्त करणारा आणि मुक्त करणारा नियम एकच.

या नियमाचा सर्वांत भव्य आविष्कार कॅनडात घडला. ऑंटेरिओ प्रांतातील कोबाल्ट येथे 1903 मध्ये चांदी सापडली, खाणी वाढल्या, आणि खडक फोडणाऱ्या यंत्रांना दाबलेल्या हवेची अखंड गरज भासू लागली. तेव्हा चार्ल्स टेलर या अभियंत्याने माँट्रिअल नदीवरील रॅगेड शूट्स येथे सुमारे 350 फूट खोल कूप खणवून, तळाशी सुमारे 1000 फूट लांबीचा बोगदा करवून, 1910 मध्ये दर चौरस इंचास 120 पौंडांच्या आसपास दाबाची हवा खाणींना पुरविण्यास प्रारंभ केला. दाबताना निर्माण होणारी उष्णता पाणीच शोषून घेत असल्याने हवा तापत नसे. हवेचा खप घटला की तळाच्या दालनात ती साठत जाई, तिच्या भाराने पाण्याची पातळी एका निकासनळीच्या तोंडाखाली उतरे, आणि मग जादा हवा पाण्यासह उंच कारंज्याच्या रूपाने बाहेर पडे. यंत्राचा बंदोबस्त यंत्रच ठेवी. हवा दाबण्यासाठी एकही फिरते चाक नसलेला हा कारखाना 1981 पर्यंत चालला.

नळातील वायू व द्रव यांच्या संयुक्त प्रवाहात दाब किती घटेल, याचा बहुमान्य हिशेब लॉकहार्ट आणि मार्टिनेली यांनी 1949 मध्ये मांडला; दोहोंच्या वेगांतील अंतरास झुबेर आणि फिंडले यांनी 1965 मध्ये सुटसुटीत सूत्राचे रूप दिले. तेलविहिरी आणि अणुभट्ट्या यांच्या रचनेत ही गणिते आज नित्य वापरात आहेत, आणि खडकात कूप खणण्यापूर्वीच त्याचा व्यास कागदावर ठरविता यावा, एवढे सामर्थ्य त्यांनी अभियंत्याला दिले आहे. परंतु ज्या अंतरावर हा सारा हिशेब उभा आहे, ते कॅटलन कारागिरांनी नळाची उंची आणि गळ्याची रुंदी कमीजास्त करीत पिढ्यानुपिढ्या प्रत्यक्ष कामात सांभाळले होते. म्हणून या शास्त्राच्या इतिहासाचा आरंभ प्रयोगशाळेत न मानता त्यांच्या लोहारखान्यात मानणे हेच न्याय्य होय.