लग्नमंडपातील पाहुण्याचा पोशाख

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा हे बाजाराचे गाव लागते. या मुलखातील लग्नसराई ऐन उन्हाळ्यातली; अंगावर उपरणेही जड व्हावे असा तो काळ. तथापि निमंत्रित पुरुषाने उघड्या डोक्याने मांडवात शिरणे जुन्या पिढीस मुळीच खपत नसे. बोडके डोके ही सुतकाची खूण. मंगल कार्यात मस्तक झाकलेले हवे. स्वच्छ धोतर, अंगात बाराबंदी किंवा अंगरखा, खांद्यावर उपरणे आणि माथ्यावर पगडी अथवा पागोटे, हा महाराष्ट्रातील प्रतिष्ठित पाहुण्याचा जुना पोशाख होय.

परंतु हा पोशाख ज्याने त्याने आपल्या मर्जीने करावा, अशी मुभा मात्र नव्हती. पागोट्याचा घाट आणि धोतर नेसण्याची तऱ्हा यांवरून माणसाची जात ओळखली जाई व ती तशी ओळखता यावी, असा समाजाचा कटाक्षही असे. पेशवाईत सोनारांनी ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसावे व ‘नमस्कार’ म्हणावे, यास हरकत घेण्यात आली. १७७९ साली मुंबईच्या कंपनी सरकारनेही तेथील सोनार ज्ञातीस ‘नमस्कार’ म्हणण्याची मनाई केली. धोतराच्या निऱ्या आणि अभिवादनाचा एक शब्द यांसाठी सरकारदरबारी हुकूम निघावेत, यावरून त्या काळी ‘योग्य वेष’ म्हणजे काय समजत, हे ध्यानात येते. योग्य म्हणजे शोभणारा नव्हे, तर परवानगी असलेला.

नुसत्या वेषाने मात्र मानाची हमी मिळत नसे. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुले एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत निमंत्रणावरून सामील झाले असता, शूद्राने आपल्या बरोबरीने चालावे हे काही वऱ्हाडी मंडळींस रुचले नाही व त्यांनी जोतीरावांचा अपमान केला. तेथे कपड्यांत उणे काढण्याचा प्रश्नच नव्हता. उणे जन्मातच काढले गेले. पुढे १८८८ साली हरी रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरिया यांचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली, तेव्हा हेच जोतीराव उंची पोशाखांच्या त्या मेळाव्यात शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. खरी प्रजा कशी राहते हे राजपुत्रास दिसावे, हा त्यांचा हेतू होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांस, अस्पृश्यतेची खूण पटविणारी लुगडी नेसण्याची तऱ्हा व दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. जोतीरावांनी वेष उतरविला, महाडच्या स्त्रियांनी तो चढविला. पण इतरांनी ठरवून दिलेल्या वेषाचे बंधन दोघांनीही मानले नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर हा बदल अधिक शांतपणे आला. मुंबईस नोकरी करणारा चाकरमानी आगबोटीतून उतरून घरच्या कार्यास येई तो कोट आणि टोपी घालून. उन्हाळ्यात कोट सोसवत नसे. तरी तो अंगावरून उतरत नसे. कारण पागोट्याच्या पेचांनी जी जात सांगितली जाई, ती टोपी सांगत नसे. कारकून आणि गिरणीकामगार एकाच घाटाची काळी टोपी घालून शेजारी बसू शकत. १९२० नंतर पांढरी गांधी टोपीही तिच्या जोडीस आली.

आज अनेक मांडवांच्या दारी येणाऱ्या प्रत्येक पुरुषास एकाच रंगाचा फेटा बांधतात. फेटा बांधणारा कोणाची जात विचारीत नाही. पाहुण्याने स्वच्छ व प्रसंगाला साजेसे वस्त्र ल्यावे, हा यजमानाचा मान झाला आणि तो राखलाच पाहिजे. मात्र भाड्याच्या शेरवानीवरून आणि कोटाच्या किमतीवरून पाहुण्यांची पंगत लावण्याची हौस जेथे शिल्लक आहे, तेथे जुना हुकूम केवळ नव्या कापडात वावरत आहे, असे म्हणावे लागेल.