५४१ प्रश्न, आणि त्यातले फक्त ३०

माझ्या पीएचडीचा विषय 'नर्सिंग होम' आहे म्हटलं की घरच्या कार्यात हमखास पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे बाळंतपणाचं हॉस्पिटल का गं?" विचारणाऱ्याची चूक नाही. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. १९४९ साली मुंबई राज्यात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा झाला, तोही अशाच हॉस्पिटलांसाठी आणि प्रसूतिगृहांसाठी. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा. अंघोळ, जेवण, औषधं, उठणं-बसणं यासाठी रोज दुसऱ्याचा हात लागणारी म्हातारी माणसं जिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात ती जागा. आपल्या वृद्धाश्रमाच्या जवळची, पण सोबत नर्स असलेली.

अशा जागेतली काळजी चांगली आहे की वाईट, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? माझं संशोधन या एका प्रश्नाच्या इतिहासावर आहे. तो प्रश्न गेल्या डिसेंबरात माझ्या घरी आला, म्हणून आज हा लेख.

झालं असं, की आजी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आत्या आणि आतोबा दोघंही नोकरीवर जाणारे. आत्याचा फोन आला, "तू ह्याच विषयात आहेस ना? मग एक जागा बघून ये. तुला कळेल." मी सुट्टीवर आलेच होते. रात्री बसून ४२ मुद्द्यांची यादी केली. रॅम्प आहे का, बाथरूममध्ये धरायला दांड्या आहेत का, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, आग विझवायची सोय, जनरेटर, जेवणाचा तक्ता. दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं तपासलं. ४२ पैकी ३९ ठिकाणी बरोबरची खूण! आत्याने विचारलं, "मग? आजीला तिथे बरं वाटेल का?" आणि मला उत्तर देता येईना.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की जी चूक दाखवण्यासाठी मी तीन वर्षं जुनी कागदपत्रं वाचतेय, तीच मी केली होती.

आता थोडं मागे जाऊ. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. गरीब म्हाताऱ्यांना सरकारी मदत मिळू लागली, पण सरकारी अनाथालयवजा 'गरीबघरात' राहणाऱ्यांना ती मिळणार नाही अशी अट होती. गरीबघरं बंद पडावीत हा हेतू. पण ज्यांना सांभाळणारं कोणी नव्हतं ते जाणार कुठे? मग मोठ्या घरांत चार-सहा खाटा टाकून खासगी नर्सिंग होम सुरू झाली. १९५४ मध्ये हॉस्पिटल बांधणीच्या सरकारी निधीतून नर्सिंग होमनाही पैसे मिळू लागले आणि त्यांचा नकाशाही हॉस्पिटलसारखा झाला. लांब कॉरिडॉर, दोन्हीकडे खोल्या, मध्ये नर्सचं टेबल. एखादा म्हातारा तिथे पाच वर्षं राहणार आहे, हे त्या नकाशात कुठे दिसत नाही.

२३ नोव्हेंबर १९६३ च्या पहाटे ओहायो राज्यातल्या फिचव्हिल इथल्या नर्सिंग होमला आग लागली. ६३ माणसं गेली. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे ही बातमी कुठल्या कुठे दबली. अशा दुर्घटना डोळ्यांसमोर असताना तपासणीचा भर इमारतीवर असणं समजण्यासारखं आहे. दारं किती रुंद, तारा कशा, जिने किती? हे प्रश्न जीव वाचवणारे आहेत, त्यांना मी हसत नाहीये.

१९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आल्या आणि सरकारचा पैसा नर्सिंग होममध्ये ओतला जाऊ लागला. पैसा द्यायचा तर नियम हवेत, आणि नियम पाळले जातात का हे बघायला तपासणीचा फॉर्म हवा. या फॉर्मपाशीच माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण येऊन थांबतं.

१९७५ मध्ये कोलोरॅडोतल्या नर्सिंग होमच्या रहिवाशांतर्फे एक खटला दाखल झाला. पुढे तो 'स्मिथ विरुद्ध हेकलर' या नावाने ओळखला गेला. (मार्गारेट हेकलर या तेव्हाच्या आरोग्यमंत्री.) म्हणणं साधं होतं. सरकार तपासतं ते नर्सिंग होमला काळजी घेणं *शक्य* आहे का एवढंच. काळजी प्रत्यक्ष *घेतली* जाते का, हे कोणी बघतच नाही. कोर्टापुढे सरकारी फॉर्म आला. त्यात ५४१ प्रश्न होते. त्यातले रुग्णाच्या काळजीशी ओढूनताणून का होईना संबंध असलेले, किंवा ज्यांच्या उत्तरासाठी माणसाकडे बघावं लागेल असे, किती? फक्त ३०.

म्हणजे बघा, तपासनीस येऊन स्वयंपाकघर बघेल, आहारतज्ज्ञाच्या सहीचा कागद बघेल, मेनू बघेल. पण शेवटच्या खोलीतल्या आजींसमोर ठेवलेलं ताट त्यांना भरवलं जातं का, की तसंच उचलून नेतात, हे न बघता तो परत जाऊ शकेल आणि त्याचा फॉर्म तरीही पूर्ण भरलेला असेल.

खालच्या कोर्टाने म्हटलं, माणसाकडे बघून तपासणी करता येण्यासारखी आहे, पण सरकारवर तसं कायद्याचं बंधन नाही. १९८४ मध्ये वरच्या कोर्टाने हा निकाल फिरवला. ज्या ठिकाणी सरकारचा पैसा जातो तिथे चांगली काळजी मिळते की नाही हे माहीत करून घेणं मंत्र्यांचं कर्तव्यच आहे, असं ठरलं.

याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १९८५ मध्ये एका ग्राहक संघटनेने १५ शहरांतल्या चारशेहून अधिक रहिवाशांनाच विचारलं, की तुमच्या मते चांगली काळजी म्हणजे काय? उत्तरात सगळ्यात वर काय आलं असेल? डॉक्टर नाही, इमारतही नाही. वर आली ती कामाची माणसं. ती कशी बोलतात, हाक मारल्यावर येतात का. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष सिडनी कॅट्झ. अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, जेवण अशा रोजच्या कामांत माणूस किती स्वावलंबी आहे, हे मोजायची पट्टी ज्यांनी तयार केली तेच हे कॅट्झ.

डिसेंबर १९८७ मध्ये सुधारणा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाची ठरावीक काळाने तपासणी, तपासनिसांनी रहिवाशांशी बोलणं, काळजी घेणाऱ्यांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, आणि सोयीसाठी कुणाला बांधून न ठेवणं. हो, बांधून ठेवणं. पडू नये, भटकू नये म्हणून खुर्चीला किंवा पलंगाला पट्ट्याने बांधत. १९८० च्या दशकाच्या शेवटी साधारण पाचांतल्या दोघांना असं बांधलं जात होतं असा अंदाज आहे. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हे प्रमाण काही टक्क्यांवर आलं. फॉर्मने विचारायला सुरुवात केली, की गोष्टी बदलतात, याचं हे चांगलं उदाहरण.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००८ च्या डिसेंबरपासून सरकार प्रत्येक नर्सिंग होमला हॉटेलसारखे एक ते पाच तारे देऊ लागलं. तारे तीन गोष्टींवरून ठरत: तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रहिवाशांच्या तब्येतीचे आकडे. त्यातल्या शेवटच्या दोन गोष्टी नर्सिंग होम स्वतःच कळवत. आपणच आपला पेपर तपासायचा! २०१४ मध्ये वर्तमानपत्राने हे उघड केलं. २०१६ पासून कर्मचाऱ्यांचे तास थेट पगारपत्रकावरून घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा दिसलं की अनेक ठिकाणी शनिवार-रविवारी माणसं खूपच कमी असतात. मनोविकारावरच्या औषधांचंही तसंच. ती किती जणांना दिली जातात हे मोजायचं ठरलं, पण स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मोजणीतून वगळलं. मग काही ठिकाणी कागदावर स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वाढले. २०२१ मध्ये तेही बाहेर आलं.

ॲव्हेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये काळजीचा दर्जा तपासायच्या तीन बाजू सांगितल्या होत्या: सोय काय आहे, काम कसं होतं, आणि शेवटी माणसाचं काय झालं. सोय मोजायला सोपी. म्हणून आपण सगळे आधी तीच मोजतो.

आता परत आजीकडे. ४२ मुद्द्यांची यादी मी बाजूला ठेवली आणि जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. आजीलाच विचारलं, "तुला कसली काळजी वाटते?" ती लगेच म्हणाली, "रात्री बाथरूमला एकटीने जायची भीती वाटते. रात्री हाक मारली तर कोण येतं, ते बघून ये."

मी रविवारी संध्याकाळी न कळवता गेले. बसू द्याल का विचारलं, त्यांनी बसू दिलं, हे मान्य करायला हवं. साडेआठपर्यंत हॉलमध्ये बसले. कागदावर रात्रपाळीला दोघी होत्या, प्रत्यक्षात १८ जणांमागे एकच मावशी. पण मावशी अशी, की कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाला उजव्या कुशीवर झोप लागत नाही, सगळं तोंडपाठ. सात वर्षं तिथेच होती. तेवढ्या वेळात तीन वेळा घंटा वाजली. दोनदा ती लगेच पोचली. तिसऱ्यांदा ती दुसऱ्या खोलीत कुणाचे तरी कपडे बदलत होती, आणि घंटा अकरा मिनिटं वाजत राहिली.

या अकरा मिनिटांत वाईट माणूस कोणीच नव्हतं. माणसं कमी होती, एवढंच. पण आजी तेवढ्यात एकटी उठली असती.

तिथल्या व्यवस्थापकांना आम्ही हे सांगितलं. दुसरी मावशी मिळत नाही, शोधतोय, म्हणाले. खरंच असेल. आम्ही आजीला सध्या आत्याकडेच ठेवलं आहे. दिवसा एक बाई येतात, रात्री आत्या आणि आतोबा पाळीने जागतात. हे किती दिवस झेपेल, मला माहीत नाही. दुसरी मावशी आली, तर कदाचित तिथेच जाऊ.

तुम्ही अशी जागा बघायला जाणार असाल, तर यादी जरूर करा. रॅम्प बघा, जनरेटर बघा. पण जाण्याआधी ज्यांना राहायचं आहे त्यांना त्यांची भीती विचारा, आणि ती यादीत पहिल्या नंबरावर लिहा. मग रविवारी संध्याकाळी जा, आणि घंटा वाजली की घड्याळ बघा.

पुढच्या लेखात त्या ५४१ प्रश्नांपैकी काही एकेक करून उलगडून सांगेन. कागदावरचा प्रश्न कोण आणि कशासाठी लिहितं, हे कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.