कोणाचा 'मी'?

आमच्या ट्रॉयला 'कॉलर सिटी' म्हणतात. हॅना लॉर्ड मॉन्टेग्यू नावाच्या बाईंनी १८२७ च्या सुमारास नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापली, तेवढीच धुतली आणि परत जोडली, अशी इथली गोष्ट आहे. रोज अख्खा शर्ट धुवायचा त्रास वाचला. पुढे सुट्या कॉलरींच्या धंद्यावर गाव भरभराटीला आलं.

गेल्या हिवाळ्यात ती कॉलर मला वेगळ्याच ठिकाणी भेटली. प्रयोगात भाग घेणाऱ्यांची उत्तरं नोंदवणारं एक जुनं वेबपान माझ्याकडे आलं. २०१६ साली ते लिहिणारा विद्यार्थी केव्हाच निघून गेला होता. नव्या साधनांना त्यातली '@ऑटोबाइंड' ही ओळ चालेना. असल्या ओळीला डेकोरेटर म्हणतात. सजावटच ती, असं समजून मी काढून टाकली. पान उघडत होतं, बटण दाबलं जात होतं; नोंद मात्र एकही झाली नाही. दोन दिवसांची उत्तरं गेली. तासभर वेळ दिलेल्या माणसांना परत बोलवताना फार लाज वाटली.

चूक समजायला मराठीच उपयोगी पडली. मी आईला सांगते, "मी रविवारी फोन करते." आई बाबांना सांगते, "ती म्हणाली, मी रविवारी फोन करते." 'ती म्हणाली' मुळे हा 'मी' कोणाचा ते बाबांना कळतं. पण नुसतं 'मी रविवारी फोन करते' एवढंच लिहिलेली निनावी चिठ्ठी हातात पडली तर?

जावास्क्रिप्टमधला 'धिस' असाच आहे. ब्रेंडन आइकने मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ही भाषा दहा दिवसांत उभी केली. तिच्यात साध्या फंक्शनचा 'धिस' कोण, हे फंक्शन कुठे लिहिलं यावर नाही, तर ते कसं बोलावलं यावर ठरतं. वस्तूने स्वतःची मेथड बोलावली तर ठीक. तीच मेथड सुटी करून बटणाच्या हाती दिली की चिठ्ठी निनावी होते. २००९ च्या आवृत्तीत 'बाइंड' आलं. त्याने चिठ्ठीवर नाव कायमचं लिहिता येतं.

२०१३ मध्ये फेसबुकने खुलं केलेलं रिअ‍ॅक्ट हे काम गुपचूप करायचं. २०१५ मध्ये भाषेतच क्लास आले, रिअ‍ॅक्टने ते स्वीकारले आणि आपोआप बांधणं त्यांना लागू केलं नाही. क्लासमध्ये नियम कडक, त्यामुळे सुट्या मेथडचा 'धिस' थेट 'अनडिफाइंड'. मग प्रत्येक मेथड कन्स्ट्रक्टरमध्ये हाताने बांधा! एक विसरली की बटण मुकं. या कंटाळ्यातून ऑटोबाइंड डेकोरेटर लोकप्रिय झाला. मेथडच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, आतल्या मजकुराला हात लावायचा नाही. शर्ट तोच, कॉलर वरून जोडलेली.

पायथनमध्ये '@' ची ही पद्धत २००४ पासून आहे. जावास्क्रिप्टमध्ये येहुदा कॅट्झ यांनी २०१४ मध्ये प्रस्ताव मांडला, पण त्याचा आराखडा पुन्हा पुन्हा बदलला. तिसरा टप्पा गाठायला मार्च २०२२ उजाडलं. दरम्यान लोकांनी जुन्या आराखड्यावर हजारो पानं लिहून टाकली, त्यातलंच एक आमचं. टाइपस्क्रिप्ट ५.० ने मार्च २०२३ मध्ये नवं रूप आणलं. जुना डेकोरेटर मेथडचं वर्णन हातात घेऊन ते बदलायचा; नव्याला मेथड आणि तिचा संदर्भ मिळतो, आणि वस्तू जन्मतानाच बांधणी करायची सोय असते. कॉलर तीच, बटणं वेगळ्या मापाची.

तोवर रिअ‍ॅक्टनेच २०१९ मध्ये हुक्स आणून क्लासची गरज कमी केली होती. सगळं नव्याने लिहावं, असा सल्ला मलाही मिळाला. पण चालू प्रयोगाच्या मध्येच शर्ट बदलायचं धाडस झालं नाही. मी नव्या पद्धतीचा छोटा डेकोरेटर लिहिला आणि त्याच्यावर एक टीप ठेवली: 'ही सजावट नाही. काढल्यास नोंदी जातील.'

माझी नेमणूकही दोन वर्षांचीच आहे. ही टीप वाचणारं माणूस दुसरंच कोणी असेल.